हिरवं कांसं, तीन किलो आठशे

कोझिकोडच्या दुकानाची १९७९ सालची वही अजून माझ्याकडं आहे. लाल कापडी बांधणीची, कोपरे उंदरांनी कुरतडलेली. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या घरात माळ्यावरच्या ट्रंकेत ती पडून असते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात, माझ्याच गिचमिड अक्षरात, एक ओळ आहे : 'कांसं, हिरवं, ३ किलो ८००.' पुढं दर, पुढं रक्कम. आणणाऱ्याचं नाव नाही. मी तेव्हा सतरा वर्षांचा, मामाच्या हाताखाली गलाई शिकत होतो.

आमचा मुलूख ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माण, खटाव, आटपाडी, खानापूर, सांगोला या पट्ट्यात गावागावांत अशी घरं आहेत, की ज्यांची कर्ती माणसं कुठल्यातरी लांबच्या शहरात सोनं-चांदी वितळवत बसलेली असतात. सराफाकडचं जुनं मोडीचं सोनं घ्यायचं, मुशीत घालायचं, तेजाबानं हीण काढायचं, टंच, म्हणजे कस, काढायचा आणि लगड ओतून परत द्यायची. ही गलाई. पाऊस नाही, माणगंगेत पाण्यापेक्षा वाळू जास्त, जमीन आहे ती हुलग्या-मटकीची. म्हणून बाहेर पडलेली माणसं कलकत्त्यापासून कोचीपर्यंत पसरली. दिवाळीला गावात या, पारावर मल्याळी आणि तमिळ ऐकू येईल.

तर त्या जूनमध्ये, पाऊस बदाबदा कोसळत असताना, एक भंगारवाला पोत्यात गुंडाळून तो तुकडा घेऊन आला. आमचं काम सोन्या-चांदीचं, पण पावसाळ्यात धंदा मंदा असला की मामा तांब्या-कांशालाही नाही म्हणत नसे. तुकडा वीतभर लांबीचा, कमानीसारखा वाकलेला, भरीव. दोन्ही टोकं मोडलेली. अंगावर शिंपल्यांची पुटं, त्यांच्या खाली हिरवागार गंज. मी ब्रशनं घासला तेव्हा खवले दिसले. मग एक डोळा. मासा होता.

मामानं हातात घेऊन उलटसुलट केला. त्याचा एक नियम होता, मूर्ती वितळवायची नाही. म्हणाला, "देवाचं न्हाई ना हे?" मी म्हटलं, "मासा हाय नुसता." मामा म्हणाला, "मग समईचा कान असंल. टाक."

मी कानस मारून बघितली, आतून गुलाबी झाक असलेला पिवळा रंग आला. चांगलं कांसं. मुशीत टाकला, टाकणखार घातला. आत मुरलेलं मीठ तडतडायला लागलं, ज्योत हिरवी झाली आणि सगळ्या दुकानात समुद्राचा वास सुटला. लगड केरळी समया ओतणाऱ्या एका ओताऱ्याकडं गेली. वहीत जावकची नोंदही आहे, चार दिवसांनंतरची.

तो समईचा कान नव्हता हे कळायला मला वीस वर्षं लागली. एका पुस्तकात लिस्बनच्या लष्करी संग्रहालयातल्या जुन्या तोफांचे फोटो होते. तोफेच्या पाठीवर, तोलाच्या जागी, दोन कड्या. त्यांतून दोर ओवून तोफ उचलायची. आणि त्या कड्यांना आकार माशाचा. युरोपातले ओतारी या कड्यांना डॉल्फिनच म्हणत. तोच वाकलेला पाठीचा कणा, तेच खवले, तोच गोल डोळा. मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ चहा तसाच ठेवला.

तेव्हापासून मी तोफांच्या मागं लागलो. माणदेशातल्या माणसानं समुद्रात बुडालेल्या तोफांचा नाद करावा याचं घरात सगळ्यांना हसू येतं. पण मी तोफेकडं शिपायाच्या डोळ्यानं बघतच नाही. मला ती मुशीतल्या मालासारखी दिसते.

धातूचा हिशेब आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपण पंचधातूची तोफ म्हणतो, पण तिच्यात मुख्य असतात दोनच, तांबं आणि कथील. शंभर भागांत आठ-दहा भाग कथील घातलं की धातू चिवट होतो. बार उडाला तर अंग ताणतो, पण फुटत नाही. ही तोफेची धातू. कथील वीस-बावीस भागांवर नेलं की तोच धातू कडक आणि ठिसूळ होतो, पण वाजवला की घुमतो. ही घंटेची धातू, आपल्या जेवणाच्या कांशाच्या थाळीचीही. तांबं वितळायला १०८४ अंश सेल्सिअस लागतात. कथील मिसळलं की ते अलीकडंच पाघळतं. म्हणजे चांदी वितळवणाऱ्या भट्टीत कांसं आरामात वितळतं. माझ्या मामाच्या दुकानात वितळलं, तसं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याही बाजारपेठेत वितळलं असतं.

लोखंडाचं तसं नाही. ओतीव लोखंड पुन्हा वितळवायला मोठी भट्टी, मोठा भाता. शिवाय लोखंड स्वस्त, कांसं त्याच्या कितीतरी पट महाग. तरी जहाजावर कांशाची तोफ हवी असायची, कारण खाऱ्या वाऱ्यात ती गंजून सडत नाही आणि लोखंडी तोफेसारखी न सांगता फुटून गोलंदाजाचा जीव घेत नाही. आधी फुगते, भेगाळते, इशारा देते. आणि म्हातारी झाली की वितळवून नवी ओतता येते. म्हणजे कांशाची तोफ ही तोफ तर होतीच, पण संकटकाळी मोडायला ठेवलेला दागिनाही होती.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला तेव्हा आतल्या पोर्तुगीजांकडं शिपायांना द्यायला पैसा उरला नव्हता. त्यांनी मुंबईकर इंग्रजांकडून १५ हजार रुपये उचलले, आणि त्यापोटी चर्चमधली चांदी आणि पितळी तोफा गहाण टाकल्या. (त्या काळच्या कागदांत कांशाच्या तोफेला सर्रास पितळी म्हणतात. ओताऱ्याला विचारा, तो लगेच दुरुस्त करील : पितळ म्हणजे तांबं आणि जस्त.) वेढा पडलेला माणूस तोफ गहाण टाकतो, म्हणजे अडलेल्या घरानं विळा-कोयता गहाण टाकावा तसंच की! सावकारी माहीत असलेल्या आमच्या भागातल्या कुणालाही हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही.

आता आपल्या गडांवर या. वारूगड, महिमानगड, संतोषगड हे माझ्या घराच्या आसपासचे. पुढं सह्याद्रीत कुठंही जा. गडावर उन्हात पडलेली, तोंडात माती भरलेली, बाजूला गवत वाढलेली तोफ दिसते, ती जवळजवळ प्रत्येक वेळी लोखंडी असते. कांशाची का नाही? माझं उत्तर गलाईवाल्याचं आहे. लोखंडी तोफ गडावरून खाली आणायला जेवढे बैल आणि माणसं लागतील, तेवढेही पैसे मोडीत येणार नाहीत, म्हणून ती पडून राहिली. कांशाची कुणी सोडली नाही. राज्य बुडालं, नवा मालक आला, त्यानं ती खाली नेली, वितळवली. तिची दुसरी तोफ झाली, घंटा झाली, हंडे झाले, नाणी झाली. कांसं मरत नाही, फक्त नाव बदलतं, आणि नाव बदललं की आधीचं कुणाला आठवत नाही.

म्हणून कांशाच्या ज्या थोड्या तोफा उरल्या आहेत त्यांच्याबद्दल मला नेहमी एकच प्रश्न पडतो : ही मुशीतून सुटली कशी?

विजापूरची मुलूख-ए-मैदान सुटली ती आकारामुळं, आणि एका सरकारी कागदामुळं. ही तोफ १५४९ साली अहमदनगरला निजामशाहीत ओतली गेली. ओतणारा महंमद बिन हसन रूमी. त्याचं नाव तोफेवर आहे. वजन सुमारे ५५ टन, लांबी चौदा फुटांच्या आसपास, तोंड असं की माणूस आत बसावा. तोंडाला सिंहासारखा जबडा केला आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडतो आहे. मी जतवरून एस.टी.नं गेलो होतो, भर एप्रिलात. शेर्जा बुरुजावर ऊन रणरणत होतं. राखणदाराची पाठ वळली तेव्हा मी बोटाच्या पेरानं हळूच टकटक केलं.

तोफ वाजली. घंटेसारखी.

मला आश्चर्य वाटलं नाही, कारण तिच्या धातूची तपासणी इंग्रजांच्या काळातच झालेली आहे : सुमारे ८० भाग तांबं आणि २० भाग कथील. ही तोफेची धातूच नव्हे, ही घंटेची धातू! रूमीला हे ठाऊक नव्हतं असं मी मानायला तयार नाही. एवढा मोठा ओतीव माल करणारा माणूस. माझा अंदाज असा, की कथील जास्त घातलं की रस पातळ होतो, साच्याच्या कानाकोपऱ्यात धावतो, आणि हत्तीचे डोळे, सिंहाचे दात नीट उमटतात. पन्नास टनांहून जास्त रस एका दमात ओतायचा म्हणजे अनेक भट्ट्या एकाच वेळी तयार हव्यात. एक जरी मागं पडली तरी मधेच सांधा राहतो. त्यानं चिवटपणाच्या बदल्यात वाहतेपणा घेतला आणि भिंतच एवढी जाड ठेवली की ठिसूळपणा लपून जावा. तोफेच्या जाडीकडं बघा, पटेल. आपल्या जेवणाच्या थाळीचं कांसं, फक्त थोडी मोठी थाळी.

१८५४ साली विजापूरच्या मामलेदाराला हुकूम आला की निरुपयोगी पडलेलं सामान लिलावात काढा. मुलूख-ए-मैदानही निघाली. बोली गेली १५० रुपयांपर्यंत. दीडशे रुपये, ५५ टनांना. विजापूर त्या वेळी सातारा इलाख्यात होतं. १८४८ साली छत्रपती शहाजी महाराज वारल्यावर साताऱ्याचं राज्य कंपनीनं खालसा केलं होतं आणि विजापूर त्या राज्याबरोबर इंग्रजांकडं गेलं होतं. मामलेदारानं साताऱ्याला लिहिलं की बोली फारच हलकी आहे आणि लोक या तोफेला मानतात, पुजतात. साताऱ्याच्या साहेबानं लिलाव रद्द केला. आमच्या जिल्ह्याच्या कचेरीतून अनेक कागद सुटले असतील, पण एका कागदानं ५५ टन कांसं मुशीतून बाहेर ओढलं, असा दुसरा मला माहीत नाही. दीडशे रुपये बोलणाऱ्या त्या माणसाचाही मी विचार करतो. त्याला तोफ स्वस्त वाटली नसणार. ती फोडायची कशी, तुकडे करायचे कसे, भट्टीपर्यंत न्यायची कशी, याचा खर्च धरूनच त्यानं बोली लावली असणार. धंद्याचा माणूस होता.

याच तोफेची एक जोडीदारीण होती, कडक बिजली. मुलूख-ए-मैदान अहमदनगरहून परांड्याच्या किल्ल्यात आणि तिथून १६३२ साली विजापूरला आली, ती आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव यानं आणली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं जुंपली होती असं सांगतात. बैल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं आमचे आटपाडीचे खिलारच येतात, पांढरेशुभ्र, शिंगं मागं गेलेले. त्या वाटेवर कडक बिजली नदी उतरताना बुडाली, असं लोक सांगत आले आहेत. परांड्याहून विजापूरला जाताना आडवी येते ती भीमा. आमच्या माणगंगेचं जे काही पाणी शिल्लक राहतं ते पंढरपूरच्या पुढं भीमेलाच मिळतं. म्हणजे बुडालेल्या तोफेसाठी मला समुद्रापर्यंत जायचीही गरज नव्हती.

गंमत पुढं आहे. दुसऱ्याच वर्षी, १६३३ मध्ये, हाच मुरार जगदेव भीमा-इंद्रायणीच्या संगमावर नागरगावाला हत्तीची तुला करायला बसला. हत्ती तोलायला तराजू कुठला आणायचा? तोड सुचवली ती शहाजी राजांनी, असं परंपरा सांगते : हत्ती नावेत चढवा, नाव किती बुडते तिथं खूण करा, हत्ती उतरवा, आणि त्या खुणेपर्यंत नाव बुडेल एवढे दगड भरा. मग दगड तोला. गावाचं नाव तेव्हापासून तुळापूर. आज समुद्रातून तोफ वर काढतात ती याच हिशेबानं. तोफेला पट्टे बांधायचे, पट्ट्यांना रिकाम्या पिशव्या, आणि पाणबुड्यानं खाली जाऊन त्यांत हवा सोडायची. पिशवी जेवढं पाणी हटवील तेवढं वजन ती उचलेल. नावेनं हत्ती तोलणाऱ्या लोकांना तोफ वर काढता आली नाही. वर्षभरापूर्वीच जर नागरगावची युक्ती कुणी काढली असती तर, असं मनात येतं. पण भीमेच्या गाळात रुतलेलं वजन नुसत्या तरंगण्यानं सुटत नाही. गाळ चोखून धरतो. तिथं बैल लावले तरी दोर तुटतात.

वसईकडं परत येतो. किल्ला पडला मे १७३९ मध्ये, आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणून देवळादेवळांत टांगल्या. एक आमच्या जिल्ह्यातच आहे, वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या घाटावर. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे आणि १७०७ हे साल. लोक तिथं धर्माच्या सहिष्णुतेबद्दल बोलतात. मला दुसरं दिसतं. घंटा वितळवली असती तर तेवढ्याच वजनाचा ओबडधोबड माल हातात आला असता; पण तयार घंटेत ओताऱ्याचं कसब फुकट मिळत होतं. शहाणा माणूस घडणावळ मोडीत काढत नाही. रशियाच्या पीटरला १७०० साली नार्वाच्या लढाईत तोफा गमवाव्या लागल्या तेव्हा त्यानं उलटं केलं, चर्चच्या घंटा उतरवून त्यांच्या तोफा ओतल्या. त्याला घाई होती.

आता समुद्र.

समुद्रात बुडालेल्या तोफांच्या कथा वाचताना मला आधी वाटायचं, की एकदा बुडालं म्हणजे सुटलं. तसं नाही. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्वीडनचं वासा हे नवं कोरं लढाऊ जहाज स्टॉकहोमच्या बंदरातून निघालं आणि मैलभरही न जाता वाऱ्याच्या एका झोतानं कलंडून बुडालं. वर ६४ तोफा, सगळ्या कांशाच्या. ३२ मीटर खोल, थंडगार, काळं पाणी. तरी १६६३ पासून पुढच्या दोन वर्षांत आल्ब्रेक्ट फॉन ट्राइलेबेन आणि आंद्रेआस पेकेल यांच्या माणसांनी त्यांतल्या पन्नासहून जास्त तोफा वर काढल्या. कशानं? शिशाच्या घंटेनं! घंटेचं तोंड खाली, आत हवा कोंडलेली. तिच्या खाली लोंबणाऱ्या फळीवर चामड्याचे कपडे घातलेला माणूस उभा राहायचा, हातात आकडा. घंटा दोरानं खाली सोडायची, आणि हवा संपेपर्यंत तो अंधारात चाचपडून तोफेला दोर अडकवायचा. १६६३ मध्ये फ्रांचेस्को नेग्री नावाचा इटालियन धर्मगुरू तिथं होता, त्यानं हे बघून लिहून ठेवलं आहे. एक एक तोफ टनाहून जास्त वजनाची, तोफेच्या झरोक्यात अडकलेली, तिचा गाडा तोडून ती बाहेर ओढायची. एवढा खटाटोप इतिहासासाठी कुणी केला नाही. मालासाठी केला. १९६१ साली जहाज वर आणलं तेव्हा आत तीनच तोफा उरल्या होत्या.

इंग्लंडचं मेरी रोझ १९ जुलै १५४५ रोजी बुडालं. तिथं १८३६ मध्ये कोळ्यांची जाळी कशात तरी अडकायला लागली. डीन नावाच्या भावांनी आगीच्या धुरात शिरण्यासाठी शिरस्त्राण बनवलं होतं, वरून नळीनं हवा सोडायची. तेच त्यांनी पाण्याखाली घातलं. जॉन डीन खाली उतरला आणि कांशाची तोफ वर आली. तोफेवर ओताऱ्याचं नाव होतं. रूमीनं नाव कोरलं होतं ते आठवा. ओताऱ्यानं नाव घातलं की मूस जरा थबकते. लिस्बनमधल्या तोफांत एक दीवची तोफ आहे, गुजरातच्या बहादूरशहासाठी १५३३ साली ओतलेली, सुमारे वीस टनांची. पोर्तुगीजांनी ती नेली. अठराव्या शतकात राजाच्या घोड्यावरच्या पुतळ्यासाठी ती वितळवायला निघाले होते, तेवढ्यात कुणीतरी तिच्यावरचा अरबी मजकूर वाचून दाखवला आणि ती वाचली, अशी कथा आहे.

आपल्या किनाऱ्यावर काय? फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या. एक गोळा तुळाजी आंग्र्यांच्या ताफ्यातल्या रिस्टोरेशन या जहाजावर पडला (ते आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच पकडलं होतं), आग पसरली, आणि एकमेकांना बांधून ठेवलेली सगळी गलबतं वाघोटणच्या खाडीत जळाली. किल्ल्यात इंग्रजांनी दोनशेवर तोफा आणि सहा पितळी उखळी तोफा मोजल्या. बघा, बाकीच्या तोफांचा आकडा ढोबळ, कांशाच्या उखळी मात्र सहा, नीट मोजलेल्या. सोबत दहा लाख रुपये, ते त्यांनी आपसांत वाटून घेतले.

गोव्यात, दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी मुरगावजवळच्या सुंची रीफवर पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले, सतराव्या शतकातले. हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, मर्तबानच्या बरण्या, नांगर, लोखंडी तोफा. आणि बंदुकीची एक कांशाची नळी. लोखंडी तोफा होत्या, पण कांशाच्या मोठ्या तोफांची नावं या यादीत नाहीत. जवळच्या दुसऱ्या खडकावर बुडालेल्या एका जहाजात बासेल मिशनची कौलं सापडली, तशीच कौलं मी कोझिकोडला रोज डोक्यावर बघत होतो. लोखंड राहिलं, कौलं राहिली, हस्तिदंतसुद्धा राहिलं. खडक उथळ, किनारा हाकेच्या अंतरावर. कांसं वर काढायला तिथं शिशाची घंटाही लागली नसती.

गोव्यात पोर्तुगीजांचा तोफा ओतायचा कारखाना होता. तिथला ओतारी पेद्रो दियस बोकारू; त्याचा मुलगा मानुएल तावारिश बोकारू मकावला गेला आणि तिथं त्यानं ओतलेल्या तोफा आशियाभर नावाजल्या. तांबं जपानकडून, कथील मलायाकडून. आपण भांड्यांना लावतो त्या कल्हईचं नावही अरबी 'कलई'वरून आलं आणि त्याचं मूळ मलायातल्या कलाह बंदराशी जोडतात. म्हणजे दख्खनच्या पठारावरच्या तोफेतलं कथीलही आधी कुठल्यातरी जहाजाच्या पोटातूनच आलेलं.

बाहेर काढल्यावर दोन धातूंची तऱ्हा वेगळी. लोखंडी तोफ पाण्यातून काढली आणि तशीच उन्हात ठेवली तर काही महिन्यांत पापुद्रे सुटून तिची भाकरी होते. तिला वर्षानुवर्षं सोड्याच्या पाण्यात बुडवून, वीज सोडून, पोटातलं मीठ काढावं लागतं. कांशाला गोड्या पाण्यात भिजत ठेवलं आणि पाणी बदलत राहिलं तरी बरंच भागतं. पण मीठ आत राहिलं तर हिरवी भुकटी धरते आणि ती आतून खात जाते. माझ्या मुशीत तडतडलं ते तेच मीठ.

दुकान आता नातू बघतो. त्याला मी सांगून ठेवलंय, हिरवं काही आलं तर भट्टी पेटवायच्या आधी मला फोन कर. गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. "आबा, हिरवं आलंय. पाच किलो."

"काय हाय?"

"पाकळ्यावानी हाय. तीन पाकळ्या व्हत्या, एक मोडलीया."

बोटीचा पंखा. मासेमारीच्या यांत्रिक बोटीचा. मी म्हटलं, "जुना न्हाई तो."

"मग टाकू मुशीत?"

मी म्हटलं, "थांब. आधी फोटो पाठव."